मला पुढच्या चाकाला बसवलं

मित्रांनो, मी एक टायर आहे आणि मी रागावलेलो आहे. आपली कहाणी सांगायला बसणाऱ्या वस्तू बहुतेक म्हाताऱ्या असतात. फाटकी छत्री, गंजलेली सायकल, पडीक विहीर. त्या बिचाऱ्या डोळे पुसत, सावकाश बोलतात. मी म्हातारा नाही. माझ्या अंगावरच्या खाचा अजून खोल आहेत आणि माझं बहुतेक आयुष्य पुढे पडलं आहे. तरी मला आत्ताच बोलायचं आहे. माझ्या नवेपणाला साक्षीला उभं करून एका मुलीला खोटं ठरवलं गेलं, आणि मला तोंड नसल्यामुळे मी गप्प बसून ते ऐकत राहिलो. ते आठवलं की आजही माझ्यातली हवा तापते.

माझा जन्म टेनेसीतल्या एका कारखान्यात झाला. रबराचे पातळ थर, त्यांच्यामध्ये दोऱ्यांचं विणकाम, पोलादी तारांची कडी, असं सगळं एकावर एक गुंडाळून मला साच्यात घातलं आणि चांगलं भाजून काढलं. बाहेर आलो तेव्हा अंगभर नक्षी उमटली होती. पाणी वाहून जावं म्हणून लांब खाचा, रस्ता धरावा म्हणून आडव्या चिरा. एका बाईने माझ्यावरून हात फिरवला, आत डोकावून पाहिलं आणि मला पास केलं. मग माझ्या पोटावर एक कागद चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, ऑल-सीझन परफॉर्मन्स.

तो कागद हीच माझी पहिली डोकेदुखी. ऑल-सीझन म्हणजे सगळे ऋतू. मला कुणी विचारलं होतं का? उन्हाळ्यात मी उत्तम आहे. पावसात चांगला आहे. भुरभुर बर्फ पडला तर दात-ओठ खाऊन निभावून नेतो. पण रस्त्यावर बर्फ गोठून कडक झाला की मीही घसरतो, आणि हे त्या कागदावर कुणी छापत नाही. परफॉर्मन्स म्हणजे वळणावर चपळ आणि ब्रेकला तत्पर. बारा महिने सगळ्याच बाबतींत पहिला नंबर आणणारा कुणी तुमच्या घरात आहे का? माझ्या तरी पाहण्यात नाही. पण लोकांना तसाच हवा असतो, म्हणून तसं छापतात.

ट्रकमधून मला उत्तरेला ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी पाठवलं. तिथं पोचल्यावर कळलं की मी आजोळी आलो आहे. एके काळी या गावात घराघरातून माणसं टायर बांधायला जायची आणि धुतलेल्या कपड्यांनासुद्धा रबराचा वास यायचा. धुराडी अजून उभी आहेत, काम मात्र केव्हाच दक्षिणेला निघून गेलं. लोक राहिले, आणि लोकांबरोबर एक घमेंड राहिली. टायरमधलं आम्हाला कुणी शिकवायचं नाही!

गार्लंड टॅकेट याच घमेंडीचा धनी. त्याचे आजोबा वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून पोटासाठी इथं आले आणि जन्मभर टायर बांधत राहिले. बापानेही तेच केलं. गार्लंड शाळेत होता तेव्हाच कारखाना बंद पडला, त्यामुळे त्याने स्वतः एकही टायर बांधलेला नाही. तो शाळांच्या इमारतींमधल्या भट्ट्या दुरुस्त करतो, थंडीत मुलांना ऊब मिळावी म्हणून. चांगलं काम आहे आणि तो ते चांगलं करतो. पण गाडीचा विषय निघाला की हा माणूस बापजाद्यांचे हात स्वतःच्या खांद्याला लावून बोलायला लागतो.

दुकानातल्या मांडणीवरून मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. बरोबर त्याची बायको लॉर्ना होती आणि मुलगी डेलिया. डेलिया अठरा वर्षांची. शेजारच्या बार्बर्टन गावात म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात ती सेविकेचं काम शिकत होती आणि तिला पहाटेच कामावर हजर व्हावं लागायचं. गार्लंडने आपली लाडकी निळी गाडी त्यासाठी तिला दिली होती. गाडीच्या पुढच्या टायरांचं रबर पार संपलं होतं आणि मागचे दोन संपत आले होते.

"चारही बदल," लॉर्ना म्हणाली. "पोरगी अंधारात निघते."

"मागचे दोन अजून चांगलेत. थांब, दाखवतो."

गार्लंडने खिशातून एक सेंटचं नाणं काढलं. या लोकांची ही जुनी परीक्षा आहे. नाणं उलटं धरून टायरच्या खाचेत घालायचं. नाण्यावरच्या लिंकनचं डोकं थोडं तरी खाचेत बुडलं तर टायर पास, सगळं डोकं बाहेर दिसलं तर नापास. गार्लंड दुकानाबाहेर गाडीपाशी उकिडवा बसला. मागचा टायर मधोमध झिजून गुळगुळीत झाला होता, कडेला मात्र थोडी खाच शिल्लक होती. त्याने नाणं कडेला घातलं.

"बघ! लिंकनचे केस दिसतात का?"

"डॅड, मधल्या खाचेत घाल ना," डेलिया म्हणाली.

"मधे काय आणि कडेला काय. टायर एकच आहे ना?"

माझा तो मागचा म्हातारा भाऊ काही बोलला नाही. त्याला काय, तो थकला होता. मी असतो तर तिथंच फुटलो असतो.

"बरं, मग बर्फाचे तरी घे," लॉर्ना म्हणाली. "महिन्याभरात बर्फ पडायला लागेल."

"बर्फाचे टायर म्हणजे गमबूट. चार महिने घालायचे आणि उरलेलं वर्ष गॅरेजात त्यांना ठेचकाळत फिरायचं. ह्या गाडीला गमबूट घालू मी?"

काउंटरवर ट्रिश नावाची मुलगी होती. च्युइंगगम चघळत ती म्हणाली, "साधे ऑल-सीझन आहेत, सर. जास्त टिकतात. आवाजही कमी."

"साधे माझ्या सासूच्या गाडीला ठीक आहेत."

"माझ्या आईला मधे आणू नकोस," लॉर्ना म्हणाली.

"आईला कुठं आणलं? तिची गाडी आणली फक्त."

"पावसात सगळ्यात चांगला कोणता धरतो?" डेलियाने विचारलं.

मित्रांनो, एवढ्या बडबडीत शहाणा प्रश्न हा एकच होता आणि त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. माझं मात्र तिथंच तिच्याशी जमलं. गार्लंड माझ्यापुढे आला तो वेगळ्याच कारणाने. माझ्या कुशीवरची तिरपी अक्षरं त्याला आवडली. त्याने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "हा! ह्याला म्हणतात टायर." मला आणि माझ्या शेजाऱ्याला खाली उतरवलं. दोघांनाच. लॉर्नाने एकदा सुस्कारा सोडला, मग ती आणि डेलिया शेजारच्या दुकानात मिल्कशेक प्यायला गेल्या. पुढचं बोलणं त्या दोघींच्या कानावर पडलं नाही. पडलं असतं तर ही कहाणी मला सांगावीच लागली नसती.

"नवे दोन मागं बसवू," ट्रिश म्हणाली. "मागचे जुने पुढं घेऊ."

"उलटं बोलतेयस तू. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. ओढतात पुढची, वळतात पुढची, ब्रेकचा भार पुढच्यांवर. नवे पुढं!"

"दुकानाचा नियम आहे, सर. दोनच घेतले तर मागं."

"का पण?"

"ओल्या रस्त्यावर पुढच्या टायरांची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सावरते. मागचे सुटले तर गरगर फिरते, मग तुम्ही काही करू शकत नाही. आम्हाला तर असंच सांगतात."

"पोरी, माझ्या बापानं ह्या गावात टायर बांधलेत. आजोबांनी बांधलेत."

"माझ्याही आजोबांनी बांधलेत, सर. इथं कुणाच्या नाही बांधले?" ट्रिशने कागद पुढे सरकवला. "मागंच बसतील. नको असतील तर दुसरं दुकान बघा."

गार्लंड लालबुंद झाला. पण बायको-मुलगी येताना दिसल्या तसा त्याने मुकाट्याने सही करून कागद परत केला. त्या दिवशी आम्ही दोघे मागच्या चाकांवर बसून घरी आलो. मला ती जागा पसंत होती. मागे कुणी बघत नाही, कौतुक होत नाही, पण काम महत्त्वाचं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. लॉर्ना आणि डेलिया चर्चला गेल्या आणि गार्लंडने जॅक बाहेर काढला. इथल्या पुरुषांना रविवारी घरासमोर गाडी उचलून तिच्याखाली हात घातल्याशिवाय चैन पडत नाही. त्याने आम्हाला मागून काढलं आणि पुढे बसवलं. जुने परत मागे गेले. नट आवळताना तो स्वतःशीच पुटपुटत होता, "म्हणे नियम. पोरगी काल जन्मली आणि मला टायर शिकवते." हात पुसून त्याने माझ्यावर अभिमानाने एक लाथ मारली. घरात तो यातलं कुणाला काही बोलला नाही. सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नसावं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर तो फार दिवस टिकला नाही, कारण पुढचे काही दिवस कोरडे गेले आणि माझी जिकडेतिकडे वाहवा झाली. डेलिया टेकडीवरचं वळण घ्यायची आणि हसायची. घरी येऊन म्हणायची, "डॅड, काय वळते रे आता!" गार्लंड छाती फुगवून म्हणायचा, "मग? टायर कुणी निवडले?" ती पोरगी फार जपून चालवायची. पाटीवर लिहिलेल्या वेगाच्या पुढे कधी गेली नाही. पिवळा दिवा दिसला की थांबायची, मागचा माणूस भोंगा वाजवत राहिला तरी. गार्लंडनेच तिला रिकाम्या मैदानात चालवायला शिकवलं होतं आणि ती शिकवण तिने अंगात मुरवली होती. रस्त्याला चिकटून फिरणारा मी, तिच्या पायाचा दाब माझ्याइतका कुणाला ठाऊक असणार?

मग पाऊस आला. झाडांची पानं गळण्याचे दिवस होते. दुपारची वेळ होती आणि डेलिया आश्रमातून घरी परतत होती. महामार्गावरून खाली उतरणाऱ्या गोल वळणाच्या रस्त्यावर पाणी साचलं होतं आणि त्यात पानं कुजून त्यांचा चिखल झाला होता. तिने वेळेवर वेग कमी केला. पाटीवर जेवढा सांगितला होता त्याहूनही कमी केला. वळणात शिरल्यावर पाणी दिसलं तेव्हा तिने हलकेच पाय उचलला, कुणीही शहाणा माणूस उचलेल तसा.

गाडीचा भार पुढे आला, माझ्यावर. मी रस्ता धरला. पाणी खाचांतून फेकून दिलं आणि खालचं डांबर घट्ट पकडलं. ते माझं काम आहे आणि मी ते चोख केलं. मागे त्या दोन गुळगुळीत म्हाताऱ्यांना पाणी फेकायला खाचाच नव्हत्या. ते पाण्यावर तरंगले आणि सुटले. आता पुढचं टोक मी पकडून ठेवलेलं आणि मागचं मोकळं, मग गाडी काय करणार? माझ्याभोवती फिरली. मी जितकं घट्ट धरत होतो तितकी ती जोरात फिरत होती. डेलिया स्टिअरिंग फिरवत होती, "नाही, नाही, नाही" म्हणत होती. गाडीचं तोंड पूर्ण उलट्या दिशेला झालं आणि ती मागच्या बाजूने कठड्यावर जाऊन आदळली.

ती वाचली. मानेला मार लागला, सीटबेल्टच्या पट्ट्यामुळे खांद्यावर मोठा काळानिळा वळ उठला आणि ती थरथरत होती. पण वाचली. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल.

पोलीस आला. चांगला माणूस होता, तिला घोंगडी दिली, पाणी दिलं. पावसाने अंधारून आलं होतं, म्हणून मग टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरला. मागची बाजू कठड्यात घुसून चेपली होती, तिथलं काही धड दिसत नव्हतं. तो पुढे आला, वाकला आणि टॉर्चचा झोत माझ्यावर टाकला.

"टायर तर कोरे आहेत," तो म्हणाला. "मग वेग जास्त झाला असणार, बेटा."

"नव्हता हो," डेलिया म्हणाली. "खरंच नव्हता."

"सगळे तसंच म्हणतात," तो हसून म्हणाला.

मित्रांनो, माझी अवस्था काय झाली असेल! मी कोरा, म्हणून ती दोषी. माझ्या अंगावरच्या खाचा तिच्याविरुद्ध पुरावा झाल्या. तेवढ्यात गार्लंड आपला पिकअप घेऊन धावत पोचला. आधी त्याने मुलीला छातीशी धरलं. मग तो गाडीच्या मागच्या बाजूला गेला आणि चेपलेल्या पत्र्याखाली वाकला. तो गुळगुळीत टायर त्याला दिसला. मी त्याचा चेहरा पाहिला. त्याला त्या क्षणी सगळं कळलं. दुकानातलं बोलणं त्याच्या कानात वाजत होतं हे त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

"टायर नवेच आहेत ना?" पोलिसाने विचारलं.

"हो," गार्लंड म्हणाला. "नवेच आहेत."

एवढंच बोलला. खोटं नव्हतं म्हणा. पण त्या एका शब्दाने त्याने स्वतःची मान सोडवली आणि मुलीची अडकवली.

गाडी भंगारात गेली. त्याआधी गार्लंडने आम्हा दोघांना उतरवून गॅरेजात भिंतीला टेकवून ठेवलं. त्या घराचं स्वयंपाकघर गॅरेजात उघडतं, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं, आणि ते ऐकून माझा राग दिवसागणिक वाढत गेला. गार्लंडने डेलियाला पिकअपची किल्ली द्यायला नकार दिला. "आधी डोकं ताळ्यावर येऊ दे," म्हणाला. लॉर्नाची गाडी तर तिला स्वतःलाच लागायची. ती शाळेच्या भटारखान्यात कामाला होती आणि पहाटेच निघायची. मानेचा पट्टा निघाल्यावर डेलिया सायकलवरून बसथांब्यावर आणि तिथून दोन बस बदलून आश्रमात जायला लागली. उशीर व्हायचा. आश्रमाच्या बाईंनी दोनदा समज दिली. पण तिला टोचत होतं ते वेगळंच. बापाचा तिच्यावर विश्वास राहिला नव्हता आणि नेमकं काय चुकलं हे तिला काही केल्या सापडत नव्हतं.

शनिवारी इथले लोक गॅरेजचं दार वर करून आत खुर्च्या मांडतात, जुन्या टीव्हीवर फुटबॉल लावतात आणि शेजारपाजारचे जमतात. आंबवलेल्या कोबीचे तळलेले गोळे आणि बिअर. आमच्यासमोरच अड्डा बसायचा. शेजारचा निक व्हुकेलिच यायचा. चांगला गडगडाटी माणूस, निवृत्त झालेला, पोट मोठं आणि आवाज त्याहून मोठा.

"काय रे, पोरीनं गाडी कशी काय उडवली?" निकने विचारलं.

"पाय जड आहे तिचा," गार्लंड गोळा तोंडात टाकत म्हणाला. "आजकालची पोरं. ब्रेक कुठं आहे ते शोधतच नाहीत."

सगळे हसले. डेलिया त्याच वेळी सॉसची वाटी घेऊन दारात आली होती. तिने वाटी टेबलावर ठेवली आणि आत गेली. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. सांगता सांगता गार्लंडच्या गोष्टीत वेग वाढत चालला. मला वाटायचं, घरंगळत जाऊन याच्या नडगीवर आदळावं. पण टायरला कुणी ढकलल्याशिवाय हलता येत नाही.

आणि मग तो दिवस आला, ज्याचा मला आजही सगळ्यात जास्त राग आहे. रात्रीचं जेवण चाललं होतं, दार उघडं होतं.

"डॅड," डेलिया म्हणाली, "मी खूप विचार केला. मला आठवतं त्याप्रमाणे मी हळूच होते. पण टायर नवे होते, गाडी ठीक होती, मग माझंच काहीतरी चुकलं असणार. कदाचित जोरातच असेन. तुझी गाडी गेली. सॉरी."

लॉर्ना म्हणाली, "गार्लंड, अरे बोल काहीतरी तिच्याशी."

आता बोलेल, मला वाटलं. एवढं ऐकल्यावर दगडसुद्धा बोलेल.

"ठीक आहे," गार्लंड म्हणाला. "होतं असं. पुढच्या वेळी जपून चालव."

मोठ्या मनाने माफ केलं त्याने तिला! जे तिने केलंच नव्हतं त्याबद्दल! लाजेने माणूस मान खाली घालतो असं मी ऐकलं होतं. या माणसाने पुन्हा बटाटे वाढून घेतले.

बर्फाचे ढग दिसायला लागले तेव्हा निक एका दुपारी गॅरेजात आला. त्याच्या बायकोचं नाव झोरा. ती चर्चच्या स्वयंपाकघरातून आजारी माणसांना घरोघरी जेवणाचे डबे पोचवते, पाऊस असो की बर्फ. तिच्या गाडीचे टायर झिजले होते.

"हे दोन पडूनच आहेत ना रे?" निक आमच्याकडे बोट दाखवत म्हणाला. "माप तेच आहे. झोरासाठी दे मला."

"घेऊन जा," गार्लंड म्हणाला. त्याला आम्ही डोळ्यांसमोर नकोच होतो. "पैसे नकोत, असेच ने."

निकने वाकून मला उचललं, पोटाशी धरलं. "वा! अजून कोरे करकरीत. घरीच बसवतो आज. पुढं टाकतो. मागचे तिचे काढतील अजून एक हिवाळा."

निक वळला आणि दाराकडे चालू लागला. त्याच वेळी डेलिया बसथांब्यावरून सायकल घेऊन परत आली. अंगावर आश्रमाचा गणवेश, नाक थंडीने लाल. निकला वाट देण्यासाठी ती सायकल धरून बाजूला उभी राहिली. मी निकच्या पोटावरून गार्लंडकडे बघत होतो. बोल, मी मनात ओरडत होतो. झोरा तुझी कुणी नसेल, पण बोल!

"निक," गार्लंड म्हणाला. "पुढं नको टाकूस."

"काय?"

"पुढं नको. मागं टाक. दोनच असले तर नवे मागं टाकायचे."

"हे कुणी सांगितलं तुला?" निक हसायला लागला. "सगळं गाव पुढं टाकतं."

"दुकानात सांगितलं. ओल्यात मागचे सुटले की गाडी गरगर फिरते."

"हां? आणि तू ऐकलंस? तू?"

गार्लंडने भिंतीशी टेकलेल्या माझ्या जोडीदाराकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला. "मी घरी आणून पुढं टाकले."

सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला. डेलिया पुढे आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला माहीत होतं?"

"आधी नव्हतं. म्हणजे, तिनं सांगितलं होतं, पण मला खरं वाटलं नव्हतं." त्याचा आवाज बारीक झाला. "गाडी बघितली तेव्हा कळलं."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"डॅड, मी तुझी माफी मागितली," डेलिया म्हणाली. "आणि तू मला ठीक आहे म्हणालास."

गार्लंडने खिशातून पिकअपची किल्ली काढून तिच्यापुढे धरली. तिने किल्लीकडे बघितलंसुद्धा नाही.

"किल्ली राहू दे," ती म्हणाली. "तू सगळ्यांना सांगितलंयस की माझा पाय जड आहे. आता सगळ्यांना खरं सांग."

"सांगतो. शनिवारी सगळे जमतील तेव्हा..."

"निक इथंच उभा आहे."

निकला मला खाली ठेवावं की धरून ठेवावं हे कळेना. तो तसाच मला कवटाळून उभा राहिला. गार्लंडने तोंडावरून हात फिरवला. त्याला ते फार जड जात होतं हे दिसत होतं आणि मला त्याची काडीचीही दया आली नाही.

"निक, ही जोरात नव्हती," तो म्हणाला. "बरोबर चालवत होती. टायर मी चुकीचे बसवले होते, आणि खापर हिच्यावर फोडलं. मला लाज वाटत होती म्हणून."

"अरे बाबा," निक म्हणाला. एवढंच. त्याचा गडगडाट कुठल्या कुठे गेला होता.

"आता आत जाऊन मम्मीला सांग," डेलिया म्हणाली. "मग आजीला फोन कर. मी ऐकत बसते."

तो आत गेला. ती त्याच्या मागोमाग गेली आणि जाताना तिने दार उघडंच ठेवलं.

मी आता झोराच्या गाडीला मागच्या चाकांवर आहे. बर्फ पडतो, मी दात-ओठ खाऊन निभावतो, डबे वेळेवर पोचतात. गार्लंड एक शनिवार नाही, पुढचे सगळे शनिवार ती खरी गोष्ट सांगत राहिला असं निक झोराला गाडीत सांगत होता. आता डेलिया पिकअप घेऊन कामाला जाते. बापाशी बोलते, पण पूर्वीसारखं हसून नाही. ते परत यायला किती दिवस लागतील मला ठाऊक नाही. माझा राग तर अजून तसाच आहे.

मित्रांनो, आम्हाला हवा भरा, आमच्या खाचा बघा, नाणं मधल्या खाचेत घाला, हे सगळं मी सांगणार होतो. ते कराच. पण एखादी मुलगी समोर उभी राहून "मी हळू होते" म्हणत असेल, तर तिला खोटं ठरवण्याआधी गाडीच्या मागे जा आणि वाकून बघा. गुडघे जरा दुखतील. तेवढे दुखू द्या.